सरकलेला रुपया

"थे काय म्या घरी पाडलं?"

बुढी गल्ल्यावरच्या पोराला म्हणाली आणि यादीवरचं माझं लक्ष उडालं. आर्वीचा बाजार, दिवाळीनंतरचे दिवस, कापसाच्या वेचणीचे पैसे बायांच्या हाती आलेले, त्यामुळे त्या किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बारदानाचा, गुळाचा आणि रॉकेलचा मिसळलेला वास, आणि सगळ्यांना एकदमच घाई. तिनं पावभर साखर, चहापत्तीची पुडी आणि काडेपेटी घेतली होती. पोरानं चिल्लर मोजता मोजता एक रुपया बोटानं बाजूला सारला. "आजी, हा नाही चालत." "काऊन नाही चालत? सरकारचा हाय ना?" "छाप सरकली त्याची, पाहा ना." तिनं पाहिलंसुद्धा नाही. तो तिला कोणीतरी रुपया म्हणून दिला होता, तिनं रुपया म्हणून घेतला होता, विषय संपला. मी मात्र मान लांब करून पाहिला. 1992 ते 2004 या काळात पाडलेला, दोन कणसांचा, स्टीलचा मोठा रुपया. एकचा आकडा, कणसं, अक्षरं, साल, सगळं वरच्या अंगाला ढकललं गेलेलं. कणसांचे शेंडे काठाबाहेर पडलेले आणि खाली सालानंतर नखभर रुंदीची कोरी, गुळगुळीत कोर. साल 2001, अगदी स्वच्छ. त्याखाली मुंबई टांकसाळीची खूण, बारीक चौकट.

मी म्हणालो, "मावशी, तो मला द्या. मी देतो त्याच्या बदल्यात," आणि खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं. आता तिनं तो रुपया उचलला. पहिल्यांदाच नीट पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं. "काऊन पाह्यजे तुले?" मी खरं ते सांगितलं. असली नाणी जमवतो, नाद आहे. "दोन रुपये देऊन?" "हो." तिनं तो रुपया पदराच्या गाठीत टाकला, गाठ दातानं आवळली. "मंग राहू दे माह्यापाशी." दुसऱ्या गाठीतून चांगला रुपया काढून तिनं पोराच्या पुढ्यात टाकला, साखर उचलली आणि गर्दीत मिसळून गेली. पोरगं माझ्याकडे पाहून हसलं. मीही हसलो, पण गाडीला किक मारताना पाय जरा जोरातच बसला.

नाणं हातचं गेल्याची हळहळ होतीच, ती कशाला लपवू. पण घरी येईपर्यंत डोक्यात फिरत राहिलं ते दुसरंच. तिचं अगदी बरोबर होतं. दुकानदार नाही म्हणाला तेव्हा ते नाणं तिच्या लेखी खोटं झालं नाही, आणि मी मागितलं तेव्हा मात्र ते क्षणात महाग झालं. टांकसाळ, कायदा, तज्ज्ञ, कोणाचंही नाव न घेता तिनं भाव काढला होता. मी आजवर जमवलेल्या आणि वाचलेल्या सगळ्या माहितीचा अर्क त्या गाठीत गेला.

आमची चक्की होती. अजून आहे, धाकटा भाऊ चालवतो. आधी डिझेलच्या इंजिनावर चालायची, गावात लाईन नीट आल्यावर मोटारीवर. शाळा सुटली की मला गल्ल्यावर बसवायचे. गल्ला म्हणजे झाकण नसलेली लाकडी पेटी, आणि तिच्यातल्या प्रत्येक नाण्यावर पिठाची साय. पट्ट्याचा फटफट आवाज, तोंडातून पडणारं ज्वारीचं ऊन पीठ, बायांच्या ओल्या तळव्यातून सरकणारी नाणी. साल वाचायचं तर आधी सदऱ्याला पुसावं लागे. तोच माझा पहिला संग्रह म्हणायचा. दिवसभर हातात यायचा आणि रात्री बाबा मोजून घेऊन जायचे. बाबा नाणं दगडी पाट्यावर टाकून आवाज ऐकायचे. अॅल्युमिनियमचं पाच पैशांचं चौकोनी नाणं काही बोलायचंच नाही, ते ढब्ब पडायचं. जुना तांब्या-निकेलचा रुपया मात्र घुमायचा.

न चालणारी नाणी ते डालड्याच्या डब्यात टाकत. भोकाचा पैसा, घासून कोरी झालेली, वाकलेली, कोणा परक्या देशाची, आणि अधूनमधून छाप सरकलेली. ती ते मुळात घेतच का, हा प्रश्न मला खूप दिवस पडला होता. एकदा विचारलं तर म्हणाले, "पीठ झालं ना. आता ज्वारी कशी करून देऊ तिले?" यात दयाबुद्धी वगैरे काही नव्हती. पैसे आधी घ्यायची पद्धत नव्हती, दळण झाल्यावर बाई जे हातावर ठेवेल ते घ्यायचं. किराणा दुकानदाराला साखर परत पोत्यात ओतता येते. चक्कीवाल्याला ती सोय नाही. त्यामुळे अख्ख्या गावानं नाकारलेली नाणी शेवटी आमच्याकडे येऊन थांबत. डबा जड होत गेला. बाबा गेल्यावर आईनं तो मला दिला, कारण दुसऱ्या कोणाला नको होता.

त्या डब्यातली छाप सरकलेली नाणी मी वेगळी काढली तिथून हा नाद लागला. ही चूक होते कशी, ते समजायला बराच काळ गेला. टांकसाळीत धातूच्या पट्टीतून आधी कोऱ्या चकत्या कापतात. चकती दोन ठशांच्या मधे येते, तिच्याभोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात, आणि वरचा ठसा आदळला की दोन्ही बाजू एकदम उमटतात. मिनिटाला शेकडो नाणी पाडणारं यंत्र, त्यात चकत्या चक्कीच्या तोंडात ज्वारी पडावी तशा येत राहतात. एखादी कड्यात नीट बसत नाही, काठावर अडकते. ठसा काही तिच्यासाठी थांबत नाही. जेवढा भाग ठशाखाली सापडला तेवढ्यावर सिंह आणि साल, उरलेला भाग कोरा. कड्याचा आधार नसल्यामुळे धातू हवा तसा पसरतो, म्हणून असलं नाणं नीट गोलही राहत नाही. दोन्ही बाजू सारख्याच सरकलेल्या असतात. एकच बाजू सरकली असेल आणि दुसरी जागच्या जागी असेल, तर चूक चकतीची नव्हे, ठशाची. तो प्रकार वेगळा, त्याला भावही कमी.

वजनात मात्र काडीचा फरक पडत नाही. गावातल्या सोनाराच्या काट्यावर मी डब्यातला एक सरकलेला रुपया ठेवला होता. 4.85 ग्रॅम, चांगल्या रुपयाइतकाच. सोनार म्हणाला, "मग यात कमी काय आहे?" कमी खरोखरच काही नव्हतं. सरकारनं जेवढा धातू द्यायचा तेवढा दिला होता, चित्र तेवढं हललं होतं. वजनाची ही परीक्षा बनावट माल पकडायलाही कामी येते. चांगल्या नाण्याचा काठ कानसून किंवा पान्यात धरून हातोडीनं ठोकून 'एरर' तयार करणारे पुष्कळ आहेत. कानसलं की वजन घटतं. ठोकलं की कोऱ्या जागेवर मार दिसतो. खऱ्या सरकलेल्या नाण्याची कोरी जागा अगदी निवांत असते, तिला कोणी हात लावलेला नसतो. माझ्याकडचं सगळ्यात आवडतं नाणं म्हणजे गेंड्याची चवन्नी, 1988 पासून निघालेली ती लहानशी स्टीलची. निम्मी छाप बाहेर गेली आहे. शिंग, कान आणि पुढचे दोन पाय आत, धड आणि शेपूट कुठंच नाही. गेंडा नाण्यात शिरतो आहे की बाहेर पडतो आहे, ते कळत नाही. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारनं बंद केली, तेव्हा ही बिचारी दुसऱ्यांदा नापास झाली.

जमवणाऱ्यांच्या जगात याचे नियम ठरलेले आहेत. छाप किती टक्के सरकली ते पाहतात. पाच टक्क्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. चाळीस ते साठ टक्के सरकलेलं आणि तरी साल पूर्ण वाचता येणारं नाणं सगळ्यांना हवं असतं. साल गेलं की भाव पडला. नागपूरला एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्यानं माझी चवन्नी भिंगाखाली धरली. अर्ध्या मिनिटात सगळं सांगितलं, टक्के, साल, टांकसाळ, अवस्था. मग किंमत बोलला. किंमत वाईट नव्हती, एखाद्या पोत्याभर सोयाबीनची म्हणा. कुठं मिळाली, कोणाच्या गल्ल्यातून आली, हे त्यानं विचारलं नाही. त्याला त्याचं कारणही नव्हतं. पिठाची साय त्याच्या यादीत कुठल्या रकान्यात बसणार? मी दिली नाही. का दिली नाही, हे बायकोनं परतीच्या बसमध्ये विचारलं, त्याला पटेल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. अजूनही नाही.

गंमत म्हणजे गावात न चालणारी नाणी फक्त सरकलेलीच असतात असं नाही. दहा रुपयांचं नाणं घ्या. बाहेर पिवळं कडं, आत पांढरी चकती, चकचकीत, सरकारी, निर्दोष. आमच्या पट्ट्यात कित्येक वर्षं ते कोणी हातात धरत नव्हतं. वरच्या पट्ट्या दहा असल्या तर खरं, पंधरा असल्या तर खोटं, रुपयाची खूण नसली तर खोटं, असले शोध पानठेल्यावर लागत. रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याचे 14 नमुने निघाले आहेत आणि सगळेच्या सगळे चालतात. ते पत्रक मी मोठ्या अक्षरात छापून चक्कीच्या भिंतीवर चिकटवलं. लोकांनी वाचलं, माना डोलावल्या आणि नोटच दिली. "खरं आहे रे बापू, पन पुढं कोनी घेत नाही ना." या वाक्याला रिझर्व्ह बँकेपाशी उत्तर नाही. नाणं खरं आहे यावर कोणाचा वाद नव्हताच. शेजारी ते घेईल का, एवढीच शंका होती. आणि शेजाऱ्याला तीच शंका आमच्याबद्दल होती.

आत्याच्या देव्हाऱ्यात एक शिवराई होती. तांब्याची, दसऱ्याला चिंचेनं घासायची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', असं पुस्तकात असतं. आत्याच्या शिवराईवर मागे फक्त 'त्र' होता आणि खाली 'प'ची एक टांग. बाकीची अक्षरं काठाबाहेर. लहानपणी मला वाटायचं, झिजून गेली. पुढे शिवराया बघत गेलो तेव्हा कळलं की बहुतेक अशाच असतात. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि ओबडधोबड, माणसानं घण घातला की जिथं पडेल तिथं छाप. पूर्ण अक्षरांची शिवराई हीच दुर्मीळ. म्हणजे छाप सरकलेली असणं ही चूक गेल्या दोनेक शतकांतली, यंत्राच्या टांकसाळी आल्यावरची. त्याआधी सगळाच बाजार सरकलेल्या नाण्यांवर चालला आणि कुणा बुढीला कोणी म्हटलं नसेल की आजी, हिची छाप नीट नाही.

त्याहून मागे जायचं तर आमच्या वऱ्हाडातच तऱ्हाळा आहे, मंगरूळपीरकडचं गाव, आता वाशिम जिल्ह्यात. 1939 साली तिथं सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, दीड हजारांवर नाणी, पोटीन नावाच्या मिश्र धातूची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, भोवती राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला चार गोळ्यांचं उज्जैन चिन्ह. अडचण अशी की एकाही नाण्यावर नाव पुरतं मावायची खात्री नाही. कुठं सुरुवातीची अक्षरं काठाबाहेर, कुठं शेवटची. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती नाणी वाचली. एका नाण्यावरची दोन अक्षरं, दुसऱ्यावरची तीन, असं जुळवत नावं लावायची. त्यातून कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी निघाले, पुराणांच्या यादीत ज्यांचा पत्ता नाही असे राजे. हे वाचलं तेव्हा मी चक्कीतच बसलो होतो, मोटर बंद होती, लाईन गेलेली. एक राजा अख्खा उभा करायला एवढी अर्धवट नाणी लागतात, आणि त्यातलं एकेक सुटं मला कोणी दिलं असतं तर मी साल नाही म्हणून बाजूला सारलं असतं.

नाद गावाला कळला त्याचे तोटे आहेत. लोक घरी येतात. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, 786 नंबरची दहाची. मोबाईलवर कोणीतरी दाखवलेलं असतं की याचे लाख मिळतात. वैष्णोदेवीचं नाणं 2012 मध्ये भरपूर निघालं, कोणाच्याही देव्हाऱ्यात सापडेल, हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि तो उठताना मनातल्या मनात म्हणतो की याला स्वतःला पाहिजे असेल म्हणून पाडून सांगतो आहे. पलीकडच्या गल्लीतल्या एकानं तर 'नोंदणी फी' म्हणून फोनवरच्या माणसाला आगाऊ पैसे पाठवले, मग कर, मग विमा. नाणं त्याच्याचकडे राहिलं, पैसे गेले. जुनी नाणी विकत घेतो म्हणून आमच्या नावानं पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलं होतं. ते मी त्याला नंतर दाखवलं. दाखवायला नको होतं असं त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघून वाटलं.

त्यापेक्षा मला कौंडण्यपूरची पोरं जास्त हुशार वाटतात. कार्तिकातल्या यात्रेत रुक्मिणीच्या माहेराला आलेली माणसं वर्धेच्या पात्रात नाणी टाकतात. पोरं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून पाण्यात सोडतात आणि नाणी ओढून काढतात. स्टीलची चिकटतात. तांब्या-निकेलची जुनी जाड नाणी चिकटत नाहीत, ती वाळूतच राहतात. एका पोरानं मला त्याचा हिशेब समजावला. जुनं नाणं बाहेर काढलं तरी दुकानदार कटकट करतो, त्यापेक्षा चुंबकच निवडून देतं ते बरं. त्याच्या ओंजळीत मी सवयीनं बोट घालून चाळलं. सगळी नाणी नीट होती, ओली, वाळूनं घासून उजळलेली. "काय पाह्यता काका?" "चुकीचं एखादं." त्याला वाटलं मी थट्टा करतो.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारात येतात तेव्हा बोजारा म्हणून आम्ही नाणंच द्यायचो. यंदा आलेल्या पोट्ट्यांनी रुपया बघून एकमेकांकडे पाहिलं. एकानं विचारलंच, "काका, दहाची नोट नाही काय?" चक्कीच्या भिंतीवर रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाशेजारी आता भावानं क्यूआर कोडचा कागद लावला आहे. बाया दळण ठेवतात, पोरगा मागून मोबाईल धरतो, डबी बोलते आणि पैसे आले म्हणून सांगते. गल्ल्याच्या पेटीत पीठ असतं, नाणी क्वचित. सरकलेलं नाणं माझ्यापर्यंत यायला आधी नाणं यायला हवं, आणि ते कोणीतरी न बघता घ्यायला हवं. या दोन्ही गोष्टी कमी होत चालल्या आहेत. आता जे काही मिळतं ते व्यापाऱ्याकडून, प्लॅस्टिकच्या पाकिटात, टक्के लिहून. त्यात मन लागत नाही. तरी एखाददुसरं घेतोच, नाद आहे म्हटल्यावर काय करणार.

परवा भावाचा फोन आला. मागे मोटर चालू, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. कोणीतरी दळणाच्या पैशात दहाचं नाणं देऊन गेलं होतं आणि त्याच्या आतली पांढरी चकती मधोमध नाही, एका अंगाला सरकून पिवळ्या कड्यात घुसली आहे म्हणे. माझ्या पोटात गोळाच आला. साल दिसतं का, विचारलं. "दिसते." दोन्ही बाजूंनी सरकलंय का? "अरे हो ना, तुह्या कामाचंच दिसून राह्यलं, म्हनून तर घेतलं." मी म्हणालो, ठेव बाजूला, कोणाला देऊ नको, संध्याकाळी येतो आणि दहा रुपये देतो.

"देजो," तो म्हणाला, "पन नोट देजो. नाणं मी घेत नाही."